'अवघड आहे' म्हणजे काय? : जपानी शिष्टाचाराचा एक अभ्यास
(बी. कॉम., तृतीय वर्ष)

'जसा देश तसा वेश' ही म्हण आपण शाळेपासून निबंधात वापरत आलो आहोत. वेश बदलणे त्या मानाने सोपे. दुकानात जाऊन कोट घेतला की काम झाले. पण कुठे बसावे, कार्ड कसे घ्यावे, कोणाला मान द्यावा आणि समोरच्याचा नकार कसा ओळखावा, या गोष्टी दुकानात मिळत नाहीत. जपानी लोकांच्या बाबतीत मला हे एका फजितीमुळे कळले. ती आधी सांगतो, म्हणजे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का निवडला, ते वाचकांच्या लक्षात येईल.

बेळगाव परिसरात ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. अशाच एका कारखान्यात माझे मामा सुपरवायझर आहेत. गेल्या वर्षी तिथे दोन जपानी पाहुणे माल पाहायला आले. सोबत त्यांनीच आणलेल्या पुण्याच्या एक मराठी दुभाषी बाई होत्या. कॉलेजला सुट्टी होती, म्हणून फायली पोहोचवायला आणि चहापाण्याचे बघायला मामांनी मला बोलावले होते. त्यातल्या वयस्क पाहुण्यांनी माझ्यासारख्या पोरालाही दोन्ही हातांनी आपले कार्ड दिले. मी ते एका हाताने घेतले. नाव विसरू नये म्हणून त्यांच्यासमोरच बॉलपेनने त्यावर देवनागरीत उच्चार लिहिला, कार्ड पँटच्या मागच्या खिशात घातले आणि खुर्चीवर बसलो. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचे हसू जराही हलले नाही. संध्याकाळी गाडीपाशी मी ते दुमडलेले कार्ड बाहेर काढले, तेव्हा दुभाषी बाई हळूच म्हणाल्या, "अरे, हे तू खिशात ठेवलंस? आणि वर बसलासही? त्यांनी पाहिलं बरं का. पण ते सांगणार नाहीत."

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली. मालकांनी विचारले, "दिवाळीपर्यंत पहिली ऑर्डर मिळेल का?" पाहुण्यांनी दातांमधून श्वास आत ओढला, मान तिरकी केली आणि काही बोलले. बाईंनी भाषांतर केले, "ते जरा अवघड आहे. परत गेल्यावर विचार करू." पाहुणे गेल्यावर मामा खुशीत होते. "अवघड म्हणाले, म्हणजे नाही म्हणाले नव्हेत की रे!" कारखान्याने स्वखर्चाने पॅटर्न करून घेतले, दोन माणसे जास्त घेतली. चार महिन्यांनी आभाराचे एक अत्यंत नम्र पत्र आले. ऑर्डर नव्हती. ती दोन माणसे कमी झाली. त्यातला एक आमच्याच गल्लीतला होता.

ऑर्डर माझ्या खिशातल्या कार्डामुळे गेली असे कोणी म्हणणार नाही. दर आणि मुदत जमली नाही, एवढेच. धंद्यात हे चालायचेच. नुकसान झाले ते पहिल्या दिवशी मिळालेला नकार आम्हाला ऐकू न आल्यामुळे. बाईंनी शब्दाला शब्द ठेवला होता. त्या पाहुण्यांच्या बाजूने आल्या होत्या, अर्थ फोडून सांगणे त्यांचे काम नव्हते. त्यानंतर मी जपानी भाषा शिकू लागलो. परकी व्यक्ती तिथल्या समाजात कोणत्या चुका करते आणि त्या का होतात, याची जी टिपणे जमली ती या लेखात मांडत आहे.

घराचा उंबरा

जपानी घरात शिरताना जी पहिली जागा लागते तिला 'गेन्कान' म्हणतात. ही जागा घराच्या जमिनीपेक्षा थोडी खालच्या पातळीवर असते. पादत्राणे इथे काढायची आणि पाऊल थेट वरच्या जमिनीवर टाकायचे. मोज्यांनी खालच्या फरशीवर उतरायचे नाही, कारण ती 'बाहेर'ची असते. आपल्याला हे सोपे वाटेल, कारण चपला बाहेर काढणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण आपण त्या ढिगात भिरकावतो. तिथे वर चढल्यावर वाकून जोडा उलटा फिरवायचा आणि त्याची टोके दाराकडे करून बाजूला ठेवायचा. हे करताना यजमानाकडे पूर्ण पाठ करायची नाही.

आत घरातल्या सपाता मिळतात, पण तातामी म्हणजे गवताच्या जाड चटया घातलेल्या खोलीत सपातासुद्धा चालत नाहीत. संडासासाठी वेगळ्या सपाता असतात, आणि त्याच घालून बैठकीत परत येणे ही परदेशी पाहुण्यांची सगळ्यांत प्रसिद्ध चूक आहे. चटईच्या कापडी काठावर आणि सरकत्या दाराच्या उंबऱ्यावर पाय देत नाहीत. आमची आजी उंबऱ्यावर उभे राहू देत नसे, त्यामुळे हा नियम वाचताना मला तिचीच आठवण झाली.

या सगळ्यांमागे दोन शब्द आहेत : 'उची' म्हणजे आतले आणि 'सोतो' म्हणजे बाहेरचे. घरापासून कंपनीपर्यंत जपानी माणूस ही रेघ सतत सांभाळत असतो. पुढच्या बऱ्याच नियमांचा उलगडा या दोन शब्दांनी होतो.

ताटावरचे नियम

जपानी माणूस हाशी नावाच्या दोन काड्यांनी जेवतो, हे सर्वांना माहीत आहे. काड्या नीट धरता आल्या नाहीत तर कोणी रागावत नाही. पण दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचू नयेत, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. मृत व्यक्तीजवळ जो भाताचा वाडगा ठेवतात त्यात काड्या उभ्या खोचलेल्या असतात. दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनीच उचलून कलशात ठेवतात, आणि त्या वेळी त्या काड्यांतून काड्यांत देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे अस्थी सावडतात तोच हा विधी. जेवणाच्या पंगतीत कोणी पिंड मांडल्यासारखा भात वाढला तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांना वाटते. कारण कळले की हा नियम पाठ करावा लागत नाही.

काही बाबतींत आपलीच चांगली सवय तिथे उपयोगी पडत नाही. आपण ताट उचलून तोंडाला लावत नाही. तिथे भाताचा आणि सूपचा वाडगा हातात उचलूनच खातात, आणि वाडगा खाली ठेवून त्यावर वाकणे अडाणीपणाचे मानतात. शेवयांसारखे पदार्थ भुरके मारत खाल्ले तरी चालतात. मात्र चारचौघांत मोठ्याने नाक शिंकरणे अत्यंत वाईट दिसते. स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. शेजाऱ्याचा आपण भरायचा, आपला तो भरतो.

आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तिथले साधे मिसो सूपसुद्धा बहुधा सुकवलेल्या माशाच्या अर्कात केलेले असते. पानावर बसल्यावर 'हे मला चालत नाही' म्हटले तर यजमानाची फार पंचाईत होते. चार दिवस आधी कळवले तर तो आनंदाने सोय करतो. जेवणाआधी 'इतादाकिमास' म्हणतात. त्याचा अर्थ 'मी नम्रपणे स्वीकारतो', आणि जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा देशिता' म्हणून आभार मानतात. एवढे दोन शब्द आले तरी काड्यांची पुष्कळशी चूक माफ होते.

कार्ड आणि खुर्ची

आता माझ्या चुकीकडे वळतो. कार्डाला जपानीत 'मेइशी' म्हणतात. ते उभे राहून, समोरच्याला अक्षरे सरळ दिसतील असे धरून, दोन्ही हातांनी आणि आपले नाव सांगत द्यायचे. भेटीला आलेल्याने किंवा लहान पदावरच्याने आधी द्यायचे. घेताना दोन्ही हातांनी घेऊन क्षणभर वाचायचे. बैठक चालू असेपर्यंत ते टेबलावर समोर ठेवायचे. समोर चार माणसे असतील तर ज्या क्रमाने ती बसली आहेत त्याच क्रमाने कार्डे मांडायची. शेवटी ती कार्डाच्या पाकिटात ठेवायची. देणाऱ्यासमोर त्यावर लिहायचे नाही. कार्ड हे त्या माणसाचेच रूप मानतात. आपण पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतो, हे ज्याला कळते त्याला मी कार्डावर बसलो म्हणजे काय केले, हेही कळेल.

कार्डावर कंपनीचे नाव ठळक असते. याचे स्पष्टीकरण मला चिए नाकाने या समाजशास्त्रज्ञ विदुषींच्या विचारांत सापडले. त्यांचे जपानी समाजरचनेवरचे पुस्तक 1967 साली निघाले आणि 1970 साली इंग्रजीत आले. त्या भारतातही राहून गेल्या होत्या. त्या म्हणतात की भारतात माणसाची ओळख त्याच्या जातीसारख्या गुणधर्मावरून ठरते, तर जपानमध्ये तो कोणत्या चौकटीत आहे, म्हणजे कोणत्या घरात, कोणत्या संस्थेत आहे यावरून ठरते. म्हणून तो 'मी इंजिनिअर' म्हणण्याआधी 'मी अमुक कंपनीचा' म्हणतो, आणि त्या चौकटीत वरखाली कोण, हे बसण्याच्या जागेवरूनही दिसते.

दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची. तिला 'कामिझा' म्हणतात. दाराजवळची ती 'शिमोझा'. पाहुण्याने दाखवल्याशिवाय मानाच्या जागी बसू नये. टॅक्सीत चालकाच्या मागची जागा मानाची असते आणि चालकाशेजारची सर्वांत लहान माणसाची. पण यजमान स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्या शेजारची जागाच मानाची होते. लिफ्टमध्ये बटणांपाशी सर्वांत धाकट्याने उभे राहायचे. नमस्काराचेही असेच आहे. साधारण 15 अंश वाकणे रोजच्या भेटीचे, 30 अंश पाहुण्यांसाठी आणि 45 अंश मोठ्या आदराचे किंवा क्षमायाचनेचे, असे तिथल्या नोकरदारांना शिकवतात.

पैसा आणि भेटवस्तू

हा भाग वाणिज्य शाखेच्या जिव्हाळ्याचा आहे. जपानमध्ये हॉटेलात किंवा टॅक्सीत बक्षिशी देण्याची रीत नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वेटर 'तुमचे पैसे राहिले' म्हणून मागे धावत येण्याचीच शक्यता जास्त. दुकानात पैसे हातात न देता गल्ल्यावरच्या छोट्या तबकात ठेवतात.

पैसे भेट द्यायचे असतील तर ते उघडे देत नाहीत, पाकिटात घालतात. आपल्याकडचे आहेराचे पाकीट इथे आठवते, आणि साम्य तेवढ्यावरच थांबत नाही. आपण 101 किंवा 501 देतो. लग्नाच्या आहेरात तेही विषम संख्या बघतात. दहा हजार येनच्या तीन नोटा, म्हणजे 30000 येन, हा रूढ आकडा आहे. सम संख्येचे दोन सारखे भाग होतात, म्हणून ती जोडप्याला नको. 4 या आकड्याचा 'शी' हा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आणि 9 चा 'कु' हा यातनेच्या शब्दासारखा, म्हणून तेही टाळतात. लग्नासाठी नोटा कोऱ्या करकरीत लागतात. दुखवट्याच्या पाकिटात मात्र कोऱ्या नोटा घालत नाहीत; घातल्या तर मृत्यूची वाट पाहत आधीच बँकेत जाऊन आल्यासारखे दिसते. लग्नाच्या पाकिटावरच्या दोरीची गाठ सहज न सुटणारी असते, कारण लग्न एकदाच व्हावे. बाळाच्या जन्माला मात्र सुटून पुन्हा बांधता येणारी गाठ चालते, कारण तो आनंद पुन्हा यावा. चुकीचे पाकीट उचलणे ही परक्याकडून होणारी अगदी सहज चूक आहे. दुकानदाराला प्रसंग सांगितला की तो योग्य ते काढून देतो.

वस्तू देताना ती पिशवीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी देतात आणि 'ही अगदी क्षुल्लक वस्तू आहे' अशा अर्थाचे वाक्य बोलतात. आपण 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणतो, तेच हे. घेणारा ती बहुधा लगेच उघडत नाही. त्यावरून आवडली नाही असे समजू नये. मोठ्या भेटीची काही दिवसांनी परतफेड होते, साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या किमतीपर्यंत. फार महाग वस्तू दिली तर घेणाऱ्याच्या डोक्यावर तेवढे कर्ज चढते, म्हणून अतिऔदार्य हीसुद्धा तिथे चूकच ठरते.

आपल्या माणसाला मान नको

भाषेतील एक चूक मराठी माणसाकडून हमखास होते, आणि ती त्याच्या चांगल्या संस्कारांमुळे होते. आपण मराठीत 'ये' आणि 'या' असा फरक करतो, कन्नडमध्ये 'बा' आणि 'बर्री' असा करतो. त्यामुळे जपानीतील आदरार्थी रूपे आपल्याला परकी वाटत नाहीत. 'खाणे' याला साधा शब्द 'ताबेरु'. समोरचा मोठा माणूस खातो तेव्हा 'मेशिआगारु'. आणि मी नम्रपणे खातो तेव्हा 'इतादाकु'. इथपर्यंत ठीक.

पण कारखान्यात फोन आला की आपण म्हणतो, "साहेब बाहेर गेलेत." जपानी कारकून बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाच्या नावापुढचे 'सान' काढून टाकतो आणि स्वतःबद्दल वापरतो तीच नम्र रूपे साहेबाबद्दल वापरतो. ऑफिसात तोच साहेबापुढे वाकतो. विसंगती वाटते, पण 'उची' आणि 'सोतो' आठवले की उलगडते. बाहेरच्यासमोर साहेब हा 'आतला' झाला, आणि आतल्या माणसाचा मोठेपणा बाहेर मिरवायचा नसतो. घरातही तसेच : स्वतःचे वडील परक्यापुढे 'चिची', दुसऱ्याचे वडील 'ओतोसान'. स्वतःच्या नावाला 'सान' तर कधीच लावायचे नाही. आपल्याकडे गुरुजन फोनवर 'मी अमुक सर बोलतोय' म्हणतात, ते तिथे चालणार नाही. नावात आडनाव आधी येते. 1 जानेवारी 2020 पासून जपान सरकारने रोमन लिपीतील सरकारी कागदपत्रांतही हाच क्रम स्वीकारला आहे. म्हणून कोणाला हाक मारण्याआधी आडनाव कोणते, याची खात्री करून घ्यावी आणि आडनावानेच हाक मारावी.

नकार कसा ओळखावा

आता मूळ मुद्दा. जपानी माणूस तुमचे बोलणे ऐकताना मधूनमधून 'हाय' म्हणत मान हलवतो. 'हाय'चा कोशातला अर्थ 'होय' असला तरी अशा वेळी त्याचा अर्थ 'मी ऐकतो आहे' एवढाच असतो. पसंतीचा कौल म्हणून तो धरू नये. आणि तोंडावर 'नाही' म्हणणे त्याला जड जाते. 'चोत्तो...' म्हणजे 'जरा...' असे म्हणून तो वाक्य अर्धे सोडतो, 'मुझुकाशिई देसु ने' म्हणजे 'अवघड आहे हो' म्हणतो, किंवा 'विचार करू' म्हणतो. धंद्याच्या बोलण्यात ही वाक्ये बहुतेक वेळा नकाराची असतात. आत ओढलेला श्वास आणि तिरकी मान असेल तर संशयाला जागाच उरत नाही.

मामांना हे सांगितले तेव्हा ते चिडले. "मग सरळ नाही म्हणायला काय झालं होतं? आमची दोन माणसं तरी वाचली असती." त्यांचा राग खोटा नव्हता. पण त्याच आठवड्यात घरी लग्नाचे एक स्थळ आले होते, आणि मामांनी त्या पाहुण्यांना सांगितले होते, "बघूया की." मुलीकडचे लोक त्यावरून समजायचे ते समजले आणि पुन्हा आले नाहीत. आमचे कन्नड शेजारी अशाच वेळी 'नोडोणरी' म्हणतात, आणि तेही आम्हाला अचूक कळते. मी हे बोलून दाखवल्यावर मामा थोडा वेळ गप्प बसले.

मला वाटते, चुकांचे मूळ इथेच आहे. आपल्या घरात जे आपण न शिकता ओळखतो, ते दुसऱ्याच्या भाषेत आले की त्याचा शब्दशः अर्थ धरून बसतो. जपानी माणूस काही गूढ आहे, अशी समजूत करून घेतली की मग आपण ओळखण्याचा प्रयत्नही सोडतो.

शिवाय तिथे निर्णय बैठकीत होत नाही. 'नेमावाशी' हा मूळ बागकामातला शब्द आहे. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणे. कंपनीत कोणताही प्रस्ताव मांडण्याआधी संबंधित प्रत्येकाला वेगवेगळे भेटून त्याचे मत घेतात, मग कागद शिक्क्यांसाठी फिरतो. आपल्याकडे गावकीची सभा भरण्याआधी रात्री घरोघर जे बोलणे होते, त्यासारखेच हे. म्हणून पहिल्याच बैठकीत तारीख मागणे, हीसुद्धा आमची एक चूकच होती.

चूक झाली तर

या टिपणांवरून कोणी घाबरून जाऊ नये. परक्या माणसाने सगळे नियम पाळावेत अशी अपेक्षा तिथे कोणी ठेवत नाही. नियम तिथेही गावोगाव बदलतात : सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. दुसऱ्याला आपला त्रास होऊ नये, हे सूत्र मात्र सगळीकडे एक आहे. रेल्वेत फोनवर बोलू नये, वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचावे, सार्वजनिक स्नानगृहात अंग बाहेर धुऊन मगच सामायिक हौदात उतरावे, हे सगळे त्यातूनच येते.

मला सुचलेले उपाय तीन. पहिला, शंका असेल तेथे आधी विचारावे. विचारणे अपमानाचे नाही. दुसरा, समोरचा काय करतो ते पाहून मग करावे. तिसरा, चूक कळली की लगेच 'शित्सुरेइ शिमाशिता' म्हणून क्षमा मागावी. ती आपल्याला कोणी दाखवून देणार नाही, हे धरूनच चालावे. आणि व्यवहारात 'होय की नाही' असा प्रश्न घालण्याऐवजी 'कोणती अट बदलली तर जमेल?' असे विचारावे. त्यात समोरच्याला तोंडावर नकार द्यावा लागत नाही आणि आपल्याला खरी अडचण कळते. मामांच्या कारखान्यात हा प्रश्न आता इतर गिऱ्हाइकांनाही विचारतात.

शेवटी एक छोटीशी गोष्ट. जपानी मंडळी घरातून निघताना 'इत्ते किमास' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. आपण 'जातो' न म्हणता 'येतो हं' म्हणतो. याच अंकाच्या कन्नड विभागातला माझा मित्र 'होगि बर्तेन्री' म्हणतो, आणि तो अर्थ तर अक्षरशः तोच आहे. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या मुलाला तिसरी भाषा थोडी सोपी जाते, ती कदाचित यामुळेच.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. अकाउंटन्सीच्या जाड पुस्तकात ठेवून मी ते सरळ केले, तरी मधली घडी गेली नाही. अक्षरे वाचता येऊ लागल्यावर पाहिले, तर मी त्यावर लिहिलेला उच्चारही चुकला होता : नावातला 'ओ' दीर्घ होता, मी ऱ्हस्व लिहिला होता. जपानीत 'ओनो' आणि 'ओओनो' ही दोन वेगळी आडनावे आहेत, तशातलाच हा प्रकार. त्या गृहस्थांची पुन्हा भेट झाली तर मी प्रथम त्यांचे नाव नीट उच्चारीन, आणि मग दोन्ही हातांनी माझे कार्ड देईन.